पुरानं उठवलेल्या वस्तीसाठी घरं बांधायची तर पैसा आधी जमिनीत घाला

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. विचारणाऱ्या ताई आर्किटेक्ट आहेत, निफाडकडच्या गोदाकाठावर एका संस्थेबरोबर काम करतात, पुरामुळे हलवलेली साधारण ४० कुटुंबं आहेत, गायरानातली दोनेक एकर जागा मिळेल असं दिसतंय, आणि त्यांना कळत नाहीये की बांबूचं घर घ्यावं, सिमेंटचं घ्यावं की ते पाण्यावर तरंगणारं घर आपल्याकडे चालेल, आणि सगळी वस्ती टिकाऊ कशी करायची.

ताई, घराचं डिझाईन थोडे दिवस बाजूला ठेवा. २२ वर्षं नाशिक जिल्ह्यात साईटवर काढली, त्यातली बरीच पूरग्रस्त आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनात गेली, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय की जो काय पैसा आहे तो आधी जागेत, भरावात, जोत्यात, पाण्याच्या वाटेत आणि संडासात घालायचा, मग छपरात, आणि उरला तर भिंतीत. भिंती लोक उभ्या करतात हो. ज्यांनी आयुष्यभर स्वतःचं घर स्वतः बांधलंय, पुरानं पाडल्यावर परत बांधलंय, त्यांना भिंत कशी घालायची हे आपण शिकवायची गरज नाही. एकट्याच्या बळावर त्यांना जे जमत नाही ते म्हणजे चार फूट भराव टाकून त्यावर रोलर फिरवणं, नाल्याची हद्द मोजून घेणं, जागेच्या कागदावर नाव लावून घेणं. आपली गरज तिथं आहे, आणि आपण नेमकं तिथं काटकसर करतो आणि भिंतीला प्लास्टर न् रंग देऊन फोटो काढतो.

आता पूर कुठला ते बघा, कारण पूर सगळा सारखा नसतो. नाशकात आमची पूर मोजायची पट्टी म्हणजे गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, असं सगळं गाव फोनवर एकमेकांना सांगत असतं, आणि काठावरच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं की मग तो महापूर. गंगापूर धरणाचा विसर्ग सुरू असतो, त्यात धरणाच्या खाली शहरात जो पाऊस पडतो तो नासर्डी आणि वाघाडी या छोट्या नद्यांतून येऊन मिळतो, त्यावर धरणाच्या दरवाज्यांचा काही ताबा नाही. हे पाणी जोरात येतं आणि ओसरतंही तसं लवकर. तुमच्या बाजूला तसं नाही. खाली दारणा नदी येऊन मिळते, पुढं नांदूर मध्यमेश्वरला बंधारा आणि कादवा नदीचा संगम, त्यामुळे सायखेडा-चांदोरी पट्ट्यात पाण्याला पुढं सरकायलाच वेळ लागतो, वरून शहराकडून वाहत आलेल्या पाणवेली पुलाला अडकल्या की फुगवटा अजून वाढतो. म्हणजे रामकुंडाजवळच्या घराला धोका धक्क्याचा, आणि तुमच्याकडच्या घराला धोका मुख्यतः भिजून बसण्याचा. मातीची भिंत धक्का एक वेळ सोसेल पण दोन-तीन दिवस पायाशी पाणी बसलं की खालून विरघळते आणि वरचं सगळं वजन घेऊन बसते.

धक्क्याचं गणित मात्र प्रत्येकानं एकदा करून बघावं. भिंतीच्या एका बाजूला १ मीटर पाणी उभं आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा येतो. पाणी २ मीटर झालं तर तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, २००० किलो. साधी ९ इंची विटांची भिंत एवढ्यासाठी बनलेलीच नसते. म्हणून लोक दाराला पोती लावून पाणी अडवत बसतात तेव्हा मला भीती वाटते, फूटभर पाण्याला ठीक आहे, पण कमरेच्या वर पाणी जाणार असेल तर दार उघडून पाणी आत येऊ द्या, दोन्ही बाजूंनी पाणी सारखं झालं की भिंत वाचते. नवीन घरात समोरासमोरच्या भिंतींना जमिनीलगत झरोके ठेवायचे ते याचसाठी, म्हणजे पाणी एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल.

तरंगणाऱ्या घराचं लगेच सांगून टाकतो, आपल्याकडे नको. खांबाच्या आधारानं वर-खाली सरकणारं घर शांत, स्वच्छ पाण्यात चालतं, आपल्या पुरात गाळ, ओंडके, पाणवेली, मेलेली जनावरं सगळं वाहत येतं, घर ज्यावर सरकतं तो एक खांब अडकला की घर वाकडं होणार. आणि आठ-दहा वर्षं न हललेलं यंत्र त्या एका रात्री चालेल याचा भरवसा काय.

पाण्याची पातळी कुठून घ्यायची? निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा घ्याच, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा, आणि निळ्या रेषेच्या आत कायमची घरं धरायचीच नाहीत, तिथं कोणी कितीही आग्रह केला तरी. पण नकाशावर थांबू नका. मागे एका वस्तीत आम्ही डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून काम करत होतो, पोरगा स्टाफ म्हणजे मापाची पट्टी धरून उभा, तर एक आजी घरातून बाहेर आल्या न् म्हणाल्या, "ए दादा, ती पट्टी कुठं धरतो, हिकडं ये." दाराची सागाची चौकट होती, धुरानं काळी पडलेली, तिच्यावर विळ्यानं मारलेल्या आडव्या खाचा. बोट ठेवून दाखवत गेल्या, "ही आठ सालची. ही सोळाची. ही एकोणीसची, हिला आम्ही शाळंत होतो चार दिवस. आन ६९ ची इथं न्हाई मावत, ती देवळाच्या खांबावं हाय, सासऱ्यानं दावल्याली." लेव्हल नेऊन बघितली तर आमच्या कागदावरची पातळी त्यांच्या एकोणीसच्या खाचेपेक्षा चांगली वीतभर खाली निघाली. कागद चुकीचा नव्हता, तो पुलापाशी मोजलेला होता, आणि वस्ती होती नाल्याच्या तोंडाशी, तिथं नदीचं पाणी नाल्यात उलटं शिरतं न् नाल्याचं पाणी वरून येत राहतं, त्यामुळे पाणी जास्त चढतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक साईटवर किमान दहा घरांच्या खुणा घेतो, देऊळ, शाळेची भिंत, विजेचा खांब, विहिरीचं कठडं, जिथं लोक दाखवतील तिथं, आणि सगळ्यात वरची खूण धरून त्याच्या वर दोन फूट जोतं काढतो. लोकांची आठवण आणि नकाशा यात फरक पडला तर जे वर आहे ते घ्यायचं.

आता भराव, इथं जरा सविस्तर लिहितो कारण इथंच माझे हात पोळलेत. एका कामावर भरावासाठी जवळच्या शेततळ्याची काळी माती फुकट मिळत होती, मुरूम लांबून आणावा लागणार होता, वर बजेटचा रेटा होता, मी हो म्हणालो. पावसाळ्यात माती फुगली, उन्हाळ्यात आकसली, दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये जोत्याला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या आणि एका घराचं दार बंदच होईना. ती चूक माझी होती आणि त्या बाईला रोज दाराला दगड लावून झोपावं लागायचं हे मी विसरलेलो नाही. काळी माती भरावात नाही म्हणजे नाही. मूळ जमीन काळी असेल तर वरची काढून टाकायची, मुरूम ६ ते ८ इंचाच्या थरात टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. चार फूट एकदम ओतून वरून जेसीबी फिरवला म्हणजे दबाई झाली असं कोणी म्हणालं तर बिल काढू नका. पाया खोल काळ्यात जात असेल तर अंडर-रीम्ड पाईल घ्या, खाली बल्ब असलेला खांब, तो माती फुगली तरी घराला धरून ठेवतो, रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं (सीबीआरआय) हे तंत्र आपल्याच मातीसाठी विकसित केलंय.

हिशेब बघा. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, भिंती धरून खालची जागा साधारण ३२० चौरस फूट. चार फूट भराव म्हणजे १२८० घनफूट, म्हणजे जवळजवळ १३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), दबाई धरून १६ ब्रास मुरूम एका घराला, उतार वेगळा. योजनेचं अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, जोतं एक फूट असो की चार फूट, आकडा तोच. म्हणजे ज्याला पुराचा सगळ्यात जास्त धोका त्याचे पैसे जमिनीतच संपतात, आणि मग तो जोतं खाली घेतो. म्हणून भराव घराच्या अनुदानात धरायचाच नाही, वस्तीचा भराव सार्वजनिक काम म्हणून वेगळा काढायचा, मजुरीचा भाग रोजगार हमीतून बसतो का ते गटविकास अधिकाऱ्यांकडे (बीडीओ) बसून बघायचं. हे पत्रव्यवहाराचं काम कंटाळवाणं आहे पण तुमच्या सगळ्या ड्रॉईंगपेक्षा याचा उपयोग जास्त.

आणि एकेका घराला वेगळा ओटा करू नका. सहा-सहा घरांचा एक लांबट ओटा करा, लांब बाजू पाणी वाहतं त्या दिशेला, म्हणजे धार अडत नाही आणि बाजूच्या उताराला मुरूम कमी लागतो. उतार एकास दोन ठेवा, त्यावर हराळी आणि कडेनं वाळा लावा, वाळ्याची मुळं सरळ खाली जाऊन माती धरून ठेवतात. दोन ओट्यांच्या मध्ये पाण्याला मोकळी वाट हवी, तिथं नंतर कोणी पत्रा टाकणार नाही हे पहिल्याच ग्रामसभेत ठरवून घ्या. चार फुटांपेक्षा जास्त उंची लागत असेल तर भराव परवडत नाही, मग खांबांवर घर, आसामात मिसिंग जमातीचे लोक चांगघर बांधतात तसं, बांबूच्या खांबांवर मचाण आणि त्यावर घर, खाली मागावर कपडा विणतात, डुकरं-कोंबड्या ठेवतात. पण मी म्हणेन की चार फुटांहून जास्त लागत असेल तर जागाच बदला.

भिंतीचं आता सोपं आहे. खालचे तीन फूट दगड किंवा पक्की वीट सिमेंटमध्ये, त्यावर एक काँक्रीटचा पट्टा, आणि वर हलकी भिंत. त्र्यंबक-इगतपुरीकडे कारवीचा कूड घालून वर शेणमातीनं लिंपतात ना, तेच. कूड भिजला तर लिंपण पडतं, सांगाडा राहतो, पाणी गेल्यावर घरातली माणसं चार दिवसांत परत लिंपतात, गवंडी लागत नाही. लिंपणात चुना मिसळला तर माती पाण्यात लवकर विरघळत नाही. पाकिस्तानात सिंधमध्ये २०२२ च्या महापुरानंतर यास्मीन लारी या आर्किटेक्ट बाईंनी बांबू, चुना न् मातीची घरं लोकांच्याच हातून उभी करून घेतली, ते काम जरूर अभ्यासा, आपल्या कामाशी फार जवळचं आहे.

बांबूला माझा विरोध नाही, पण तीन गोष्टी सांभाळा. कोवळा बांबू नको, तीन वर्षांच्या वरचा हवा. पावसाळ्यानंतर तोडा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढा, नाहीतर त्यातल्या साखरेपायी भुंगा लागतो आणि वर्षभरात पीठ खाली सांडायला लागतं. आणि बांबू जमिनीत पुरू नका, काँक्रीटच्या खुंटावर लोखंडी पट्टीनं बसवा, जमिनीच्या वर किमान फूटभर. छपराचा पाखा दोन फूट बाहेर काढा म्हणजे पागोळ्या भिंतीवर येत नाहीत.

पत्र्याचं छप्पर घेणारच तर उन्हाळ्याचा विचार करा. जुलैत पुरातून वाचवलेलं माणूस एप्रिलमध्ये पत्र्याखाली भाजतं. आतली उंची साडेआठ फुटांच्या खाली नको, पत्र्याखाली बांबूच्या चटईचं छत, मध्ये हवा जायला जागा, आढ्याला फट. आणि एक पक्का माळा द्या, किमान अर्ध्या घरावर, दोन माणसं आणि धान्याची कोठी पेलेल असा, माळ्यावरून छपरावर निघायला एक झडप. कागदपत्रं, रेशन कार्ड, पोरांची दप्तरं, पंप, सगळं पहिल्या इशाऱ्याला वर जातं. विजेचा बोर्ड छातीच्या वर. गॅस सिलिंडर बांधायला भिंतीत कडी. छपरावर रिकामी टाकी असेल तर तीही बांधा, रिकामी १००० लिटरची टाकी पाण्यात बुडाली तर टनभर जोरानं वर उसळते, घेऊन जाते बरोबर.

संडास म्हणजे पुरातला खरा शत्रू. काळ्या जमिनीत शोषखड्डा पावसाळ्यात शोषतच नाही, उलट भरून वर येतो. खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर हवा असा जगभरचा मदतकार्याचा नियम आहे, नदीकाठी तो जमिनीच्या पातळीवर पाळताच येत नाही, म्हणून संडासही ओट्यावरच, खड्डा भरावातच, नाहीतर सीलबंद टाकी आणि तिची हवा जायची (व्हेंट) पाईप पूरपातळीच्या वर. हातपंपाचा ओटाही उचला. पाणी ओसरल्यावर आधी पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, १००० लिटरला ५ ग्रॅम, ढवळून अर्धा तास थांबून मगच प्यायचं. प्रत्येक वस्तीतल्या दोन बायकांना हे हातानं करायला शिकवा, त्या विसरत नाहीत.

आता तुमचे दोन एकर. मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांप्रमाणे वस्तीला माणशी ४५ चौरस मीटर लागतात, त्यात रस्ते, संडास, मोकळी जागा, परसबाग सगळं आलं. ४० कुटुंबं म्हणजे २०० माणसं, ९००० चौरस मीटर, आणि दोन एकर होतात साधारण ८१००. म्हणजे आत्ताच कमी पडतंय, त्यात पोरांची लग्नं होऊन घरं वाढणार. म्हणून आजच अडीच-तीन एकर मागा, एकदा वाटप झाल्यावर कोणी देत नाही. लातूरच्या १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी बसवली, रुंद सरळ रस्ते, शहरासारख्या ओळी, आणि लोकांनी नंतर त्यात स्वतःचे गोठे, पडव्या, पत्र्याच्या खोल्या जोडून घेतल्या कारण जगणं त्या ओळीत मावत नव्हतं. पडवी आणि गोठा पहिल्याच नकाशात द्या.

गोठा म्हटलं म्हणून सांगतो, लोक वेळेवर घर सोडत नाहीत त्याचं मोठं कारण शेळ्या न् म्हशी आहेत. तुम्ही बस पाठवता, त्यात शेळी चढवू देत नाही, मग घरातला एक माणूस मागं राहतो आणि तोच अडकतो. बांगलादेशात नदीच्या बेटांवर जनावरांसाठी वेगळे उंच टेकाड करतात. तुमच्या वस्तीतही एक ओटा जनावरांचा ठेवा, रॅम्पसकट, चाऱ्याच्या गंजीसकट. आणि एक हॉल, सगळ्यात उंच ओट्यावर, त्यात रोज अंगणवाडी भरली पाहिजे, फक्त पुरासाठी बांधलेला हॉल पाच वर्षं कुलूप लावून पडतो आणि त्या रात्री चावी सापडत नाही.

तोपर्यंतच्या निवाऱ्याबद्दल थोडंच. शाळेत लोकांना आठवड्यापेक्षा जास्त ठेवावं लागलं की शाळाही बसते आणि माणसंही. पत्र्याची शेड करणार असाल तर माणशी साडेतीन चौरस मीटर धरा, २० माणसांमागे एक संडास, बायकांचे वेगळे, आतून कडी आणि बाहेर दिवा, ५० मीटरच्या आत. दिवा नसेल तर बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मला एका शेडमध्ये एका पोरीनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं. आणि शेडचे पत्रे, पाईप, बोल्ट असे घ्या की नंतर तेच पक्क्या घराच्या छपराला लागतील.

शेवटचं म्हणजे कामधंदा. शहराबाहेरच्या एका योजनेत नदीकाठची माणसं हलवली, घरं वाईट नव्हती, पण बाई भांडी घासायला जायची पंचवटीत आणि नवरा हमालीला मार्केट यार्डात, दोघांचं रिक्षाभाडं रोजच्या कमाईत बसेना, सहा महिन्यांत निम्मी घरं भाड्यानं गेली न् माणसं परत नदीला. तुमच्या लोकांना द्राक्षाच्या छाटणीला कुठल्या मळ्यात जावं लागतं, कांद्याच्या चाळी कुठं आहेत, मुकादमाची गाडी पहाटे कुठं थांबते, हे गायरानापासून मोजा. पाऊण तासाच्या वर चालत लागत असेल तर ती जागा घेऊ नका. जागेचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावानं करा, नावावर जागा असली की माणूस जोत्याची भेग स्वतःहून बुजवतो.

जागा यंदा ताब्यात आली तर लगेच घरं काढायची घाई करू नका. एप्रिल-मे मध्ये भराव करून घ्या आणि त्यावर एक पावसाळा जाऊ द्या. जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन वस्तीतल्या चार बायका-माणसांसोबत ओट्यांवरून फिरा, जिथं पाणी साचलं तिथं खुंटी ठोका, जिथून धार लागली तिथं दुसरी. दिवाळीनंतर त्या खुंट्या बघून घरं आखा. खुंट्यांचे आणि चौकटीवरच्या खाचांचे फोटो मला पाठवा, लेव्हल कुठून कुठं घ्यायची ते मी बसून सांगतो.